शुगर मीटरवर दिसते, धास्ती कुठे दिसते?

मधुमेहाच्या या सदराच्या या वेळच्या टपालात औषधांपेक्षा मनाबद्दलची पत्रं जास्त आली. बहुतेक खेड्यांतली, जिथून मोठा दवाखाना लांब आहे. म्हणून सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. उत्तरं मधुमेहाचे डॉक्टर आणि समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं-गावं मुद्दाम काढली आहेत. गोळ्यांचा किंवा इन्सुलिनचा डोस मात्र इथे वाचून बदलू नका, तो आपल्या डॉक्टरांशी बोलूनच.

प्रश्न : मधुमेहाला अकरा वर्षं झाली. रिपोर्ट फार वाईट नसतात. पण गेले काही महिने बोट टोचायचं म्हटलं की नको होतं, गोळ्यांचं पाकीट बघितलं तरी चीड येते. मोजूनमापून खायचं, महिन्यातून एक दिवस मोडून दवाखाना गाठायचा, याचा वीट आलाय. घरचे म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. मला खरंच काही झालंय का?

उत्तर : झालंय. पण ते वेड नाही, आणि तुमच्या पत्रावरून नैराश्यही वाटत नाही. ज्या आजाराला एका दिवसाचीही सुट्टी नसते तो सांभाळताना माणूस जो शिणतो, त्याला वैद्यकात 'डायबिटीस डिस्ट्रेस' असं वेगळं नाव आहे. अमेरिकेतल्या विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली तो मोजायला वीस प्रश्नांची 'पेड' नावाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, बेरजेला १.२५ ने गुणायचं. उत्तर ४० किंवा जास्त आलं तर त्रास मोठा आहे असं धरतात.

खेड्यातल्या दवाखान्यात डॉक्टरांना पाच मिनिटं मिळायची मारामार, तिथे वीस प्रश्न कोण विचारणार? त्यासाठी दोन प्रश्नांची छोटी चाळणी आहे. घरीच करा. गेल्या महिन्याभरात, 'मधुमेहाच्या सगळ्या कटकटींखाली मी दबून गेलोय' असं किती वाटलं? आणि 'पथ्यपाणी-औषधं सांभाळण्यात मी सारखा कमी पडतोय' असं किती वाटलं? दोन्हींना १ (अजिबात नाही) ते ६ (फारच) यांतला आकडा द्या. बेरीज ६ किंवा त्याहून जास्त आली तर ती कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.

नैराश्याशी याची गल्लत डॉक्टरांकडूनही होते. शेतात, जनावरांत, नातवंडांत जीव रमतो, पण मीटर पुढे आला की चेहरा पडतो, तर हा मधुमेहाचा शीण. नैराश्य सगळीकडे पसरतं : आवडीचं कामही नकोसं होतं, झोप-भूक बिघडते, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतं, आणि हे दोन आठवडे जवळजवळ रोज चालतं. मधुमेह असलेल्यांत नैराश्य इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं, म्हणून ते तपासून घ्यावंच. त्याला उपचार आहेत. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, मधेच आपल्या मनाने सोडायचं नाही. मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि दवाखान्यात जा. घरच्यांनी अशा माणसाला एकटं सोडू नये, आणि इन्सुलिन व गोळ्या आपल्या ताब्यात घेऊन एकेका वेळेचा डोस हातात द्यावा.

तुमच्या शिणाकडे वळू. 'टेन्शन घेऊ नका' हा काही उपचार नव्हे. नेमकं कुठे टोचतंय ते शोधायला लागतं. साधारण चार जागा असतात : मनावरचं ओझं, रोजचं पथ्य-औषध, डॉक्टरांशी न जमणं, आणि घरच्यांचं-गावाचं वागणं. यांतली सगळ्यांत नकोशी एकच गोष्ट लिहा. एकच. तुमच्या पत्रात तर दोन सापडतात, टोचणं आणि फेऱ्या, आणि दोन्हींवर काहीतरी करता येतं.

टोचणं आधी घेऊ. इन्सुलिन नसेल, शुगर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या नसतील आणि आकडे स्थिर असतील, तर रोज मोजायची गरज बहुतेकांना नसते. दवाखान्यात जायच्या आधीचे तीन दिवस, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, एवढं पुरेल का असं डॉक्टरांना विचारा. बोटाच्या मधल्या गादीवर टोचू नका, तिथे नसांची टोकं दाट असतात. कडेला टोचा, सुई दर वेळी नवी घ्या, हात कोमट पाण्याने धुवा म्हणजे बोट पिळावं लागत नाही. आता फेऱ्या. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी आटोक्यात असेल तर वर्षातून दोनदा चालते, नसेल तर दर तीन महिन्यांनी. मग दर महिन्याची फेरी कशासाठी? फक्त चिठ्ठीसाठी असेल तर दोन-तीन महिन्यांची औषधं एकदम लिहून मागा. मागितल्याशिवाय हे सहसा मिळत नाही.

आणि डॉक्टरांसमोर बसलात की रिपोर्ट पुढे करण्याआधी बोला. रिपोर्ट एकदा टेबलावर गेला की सगळी भेट त्यातच संपते.

प्रश्न : मी शेतात एकटाच असतो. मागच्या उन्हाळ्यात दुपारी काम करताना दरदरून घाम फुटला, हातपाय लटपटले, बांधावर बसलो तो उठताच येईना. शेजारच्या शेतातल्या माणसाने पाहिलं म्हणून वाचलो. तेव्हापासून पोट भरलेलं असलं तरी निघताना खातो, आणि गोळी कधी घेतो, कधी नाही. शुगर २५० च्या खाली येत नाही. ते चालेल, पण तसं परत नको.

उत्तर : ही भीती खुळी नाही. शुगर लो झाल्याचा असा एक प्रसंग माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही, आणि कित्येक जण तुमच्यासारखेच मुद्दाम शुगर वर ठेवून जगतात. पण २५० वर राहून डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा आतल्या आत खराब होतात. भीतीला समजावून ती जात नाही. लो व्हायचे प्रसंग कमी केले आणि झालंच तर काय करायचं ते हाताला बसवलं, की ती उतरते.

आधी गोळीचं नाव बघा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या तुम्ही जेवा-न जेवा, इन्सुलिन बाहेर काढायला लावतात. जेवण लांबलं, त्यात अंगमेहनत झाली, की शुगर कोसळते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं क्वचितच होतं. त्यामुळे तो प्रसंग डॉक्टरांना तपशिलात सांगा : गोळी किती वाजता घेतली, शेवटचं कधी खाल्लं, काम काय होतं, ऊन किती होतं. रागावतील म्हणून बरेच जण हेच लपवतात. सांगितलंत तर डोस कमी करता येतो, लो न करणारी गोळी देता येते, किंवा काही आठवडे शुगरचं लक्ष्य थोडं सैल ठेवता येतं. गोळी आज घ्यायची, उद्या नाही, या प्रकाराने शुगर वरखाली होते आणि धास्ती ताजी राहते.

आता खिशातली शिदोरी. ग्लुकोज पावडर किंवा साखरेच्या १५ ग्रॅमच्या, म्हणजे सपाट तीन चमच्यांच्या, तीन पुड्या बांधा. प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा, नाहीतर घामाने गोळा होतो. पुडी सदऱ्याच्या खिशात हवी, बांधावरच्या पिशवीत नको. शुगर उतरते तेव्हा पन्नास पावलंही मैलासारखी लांब होतात. चॉकलेटसारखे स्निग्ध पदार्थ या वेळी उपयोगाचे नाहीत, त्यांतली साखर रक्तात उशिरा पोचते. अकारबोज किंवा वोग्लिबोज ही गोळी चालू असेल तर साधी साखरही लवकर चालत नाही, कारण ही गोळी साखरेचं विघटनच अडवते. तिथे ग्लुकोजच लागतं.

घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी भूक, डोक्यात गोंधळ, यांतलं काहीही सुरू झालं की हातातलं अवजार खाली ठेवा आणि सावलीत बसा. 'ही सरी संपवून बघू' म्हणायचं नाही. शुगर ७० च्या खाली असेल तर एक पुडी पाण्याबरोबर घ्या. मीटर जवळ नसेल तर मोजायच्या नादी न लागता तशीच घ्या. पंधरा मिनिटं थांबा, परत मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर दुसरी पुडी. वर आली आणि पुढच्या जेवणाला तासापेक्षा जास्त वेळ असेल तर काहीतरी खा. इथे एक चूक हटकून होते : साखर बोटांनी खाल्ली आणि तेच बोट टोचलं. बोटाला चिकटलेली साखर थेंबात मिसळते, मीटर १८० दाखवतो आणि माणूस निर्धास्त उठतो. हात धुवा, पाणी थोडंच असेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. शुगर ठीक झाली तरी डोकं ताळ्यावर यायला वेळ लागतो, म्हणून पाऊण तास ट्रॅक्टर, मोटारसायकल, विळा-कोयता काही हातात घेऊ नका. ट्रॅक्टरवर बसण्याआधी शुगर ९० च्या खाली असेल तर आधी खा.

शेजारच्या शेतकऱ्यांना एवढंच सांगून ठेवा : 'मी बरळायला लागलो किंवा बसकण मारली तर खिशातली पुडी द्या. गिळता येत नसेल, शुद्ध नसेल, तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि गाडी काढा.' घरचा फोन नंबर त्याच पुडीवर लिहा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी आलेला लो काही तासांनी परतूही शकतो, तेव्हा शुद्ध हरपली असेल तर बरं वाटल्यावरही दवाखान्यात जायचंच.

घाबरल्यावरची थरथर आणि लो झाल्याची थरथर सारखीच वाटते, कारण दोन्हींत धोक्याच्या वेळी अंगात सुटणारं अ‍ॅड्रेनलिनच वाहतं. फरक फक्त मीटरला कळतो. आणखी एक गंमत म्हणा. महिनोन्‌महिने २५० वर राहिलेल्या शरीराला १४० सुद्धा कमी वाटते, तशीच लक्षणं येतात. त्यात धोका नसतो, काही आठवड्यांत शरीर सरावतं. तेव्हा मीटर जवळ असेल तर आकडा बघूनच पुडी फोडा.

पहिला आठवडा हाकेच्या अंतरावर कुणी असेल तिथेच काम करा. सुरू करताना आणि दीड-दोन तासांनी मोजा, वहीत लिहा. आठवडाभर आकडे बरे आले की अंतर वाढवा. ज्या दिवशी जड काम झालं त्या रात्री झोपताना जरूर बघा, मेहनतीने शुगर पुढचे चोवीस तासही उतरती राहू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी कामाच्या दिवशी मांडीऐवजी पोटावर टोचावं. राबणाऱ्या मांडीतून ते झपाट्याने रक्तात जातं.

प्रश्न : टेन्शनने खरंच शुगर वाढते, की डॉक्टर सांगायचं म्हणून सांगतात?

उत्तर : वाढते. ताणात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, त्यांच्या सांगण्यावरून यकृत साठवलेली साखर सोडतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. पण सगळ्यांना सारखं होत नाही. सात दिवस रोज दोन वेळा मोजा आणि आकड्याशेजारी त्या वेळच्या ताणाला ० ते १० गुण द्या. दोन्ही रांगा बरोबर वरखाली झाल्या तर तुमचं उत्तर मिळालं. नाही झाल्या तर वाढलेल्या शुगरचा दोष टेन्शनवर ढकलून गोळीची वेळ, खाणं, झोप तपासायचं राहू नये.

प्रश्न : यजमानांना मधुमेह आहे. त्यांच्या ताटावर माझी नजर असते, कारण दुसरं कोण ठेवणार? हल्ली ते माझ्यापुढे काही खात नाहीत, बाहेर खातात आणि खोटं बोलतात. रोज भांडण होतं.

उत्तर : ताई, तुमचा हेतू काळजीचा आहे, पण त्यांना तो पहारा वाटतो. पहारा बसला की माणूस पथ्य पाळत नाही, लपवायला शिकतो. मग खरी शुगर तुम्हालाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही. त्यात खेड्यात पहारेकरी एक नसतो. सासू, दीर, शेजारी, दुकानदार, सगळे 'तुम्हाला चालतं का हे?' विचारत असतात. दिवसातून दहा वेळा हे ऐकणाऱ्या माणसाला घरी अकरावं वाक्य नको असतं.

भांडण नसेल अशा वेळी, ताटापासून लांब, एकदाच विचारा : 'मी काय केलं तर तुम्हाला बरं पडेल आणि काय बंद करू?' उत्तर आवडलं नाही तरी त्याच बैठकीत वाद घालू नका. दोघांनी मिळून दोनच गोष्टी ठरवा. एक, ज्याची आठवण तुम्ही करून द्यायची, उदाहरणार्थ रात्रीची गोळी. एक, जिच्याबद्दल तुम्ही तोंड उघडायचं नाही, उदाहरणार्थ समारंभातलं जेवण. महिनाभर पाळा. शुगर जास्त आली तर 'काय खाल्लंत?' हा पहिला प्रश्न नको. आजारपण, अपुरी झोप, चुकलेली गोळी, यांनीही ती वाढते. 'आज जास्त आली वाटतं, काही दुखतंय का?' असं विचारून बघा. आणि घरात एकच स्वयंपाक करा. वेगळं ताट म्हणजे रोजची वेगळी पंगत.

एका बाबतीत मात्र मर्जी विचारायची नाही. ते बरळत असतील, घामाघूम असतील, तर चिडले तरी साखर द्यायचीच. लो झालेला माणूस चिडतो, ते त्या शुगरचं बोलणं असतं.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे, टाइप १ मधुमेह. गावात कळलं तर लग्न जमणार नाही म्हणून सासूबाईंनी कुणालाही सांगू दिलेलं नाही. ती शाळेच्या संडासात इंजेक्शन घेते. हल्ली दुपारचं इंजेक्शन चुकवते असा संशय आहे. सासूबाई म्हणतात, एकदा इंजेक्शन लागलं की शेवटच.

उत्तर : सासूबाईंच्या बोलण्यापासून सुरुवात करू. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका रुग्णाला दिलं गेलं. तो मुलगा तुमच्या मुलीच्याच वयाचा, चौदा वर्षांचा होता. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने जगवण्यापलीकडे इलाज नव्हता. म्हणजे शेवट होता तो इंजेक्शन येण्याआधी. टाइप १ मध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. गोड खाल्ल्याने तो होत नाही, संसर्गाने होत नाही, यात मुलीचा किंवा आईचा दोष नाही. शुगर नीट ठेवून, आधी ठरवून गर्भधारणा झाली तर अशा मुली निरोगी मुलांच्या आया होतात.

लपवण्याचा खर्च मात्र मुलगी भरते. संडासात आत-बाहेर कुणाची चाहूल लागली की ती घाईत टोचते किंवा चुकवते. रोज एकाच जागी टोचलं तर तिथे गाठ येते आणि गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं. त्यात वर्गात लो झाली तर आळशी म्हणून बोलणी खाईल, पण साखर कुणी देणार नाही.

सगळ्या गावाला सांगा असं आम्ही म्हणत नाही. खेड्यात गोष्ट एकाला सांगितली की चौघांना कळते, हे धरूनच ठरवावं लागतं. पण ज्यांना कळायलाच हवं अशी तीन माणसं असतात : वर्गशिक्षक, बाकावरची मैत्रीण, आणि शाळेच्या वाटेवर सोबत असणारं कुणीतरी. कुणाला सांगायचं हे मुलीलाच निवडू द्या. वर्गशिक्षकांना एका चिठ्ठीत चार ओळी पुरतात. तिला टाइप १ मधुमेह आहे, दुसऱ्यांना होत नाही. दुपारी जेवणाआधी तिला इंजेक्शन घ्यायला स्वच्छ, आडोशाची जागा लागेल, शिक्षकांची खोली चालेल. घाम किंवा गोंधळलेपणा दिसला तर दप्तराच्या पुढच्या कप्प्यातली साखर तिथल्या तिथे द्यावी, तिला एकटीला कुठे पाठवू नये. लघवीला वारंवार जावं लागलं तर अडवू नये. खाली फोन नंबर.

चुकवण्याबद्दल तिला जाब विचारू नका. 'दुपारचं अवघड जातं ना? कोणत्या वारी जास्त?' असं विचारलं तर बहुधा खरं उत्तर येतं. या वयातल्या काही मुली वजन वाढू नये म्हणूनही डोस गाळतात, तेही ध्यानात ठेवा. उलट्या, पोटात कळ, खोल जोराचा श्वास, तोंडाला फळासारखा वास, यांतलं काही दिसलं तर तो इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठण्याचा जीवघेणा प्रकार, कीटोअ‍ॅसिडोसिस असू शकतो. लगेच मोठा दवाखाना गाठा. खात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करू नका, वाटेतच डॉक्टरांना फोन लावा.

प्रश्न : वीज आठ-आठ तास जाते. फ्रिजमधलं इन्सुलिन खराब झालं असेल का, या विचाराने झोप लागत नाही. दुकान लांब, म्हणून पुरवून वापरते, कधी अर्धाच डोस घेते.

उत्तर : तुमची निम्मी काळजी एका आकड्याने जाईल. वापरात असलेली बाटली किंवा पेन २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात साधारण २८ दिवस चांगलं राहतं (नेमके दिवस खोक्यातल्या माहितीपत्रकात असतात). २ ते ८ अंश लागतात ते न उघडलेल्या साठ्याला. दार बंद ठेवलेला फ्रिज लगेच तापत नाही, तेव्हा वीज गेली की सारखं उघडून बघू नका. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहा.

ऊन जास्त असेल तर मातीची दोन भांडी घ्या, एकात एक बसणारी. मधल्या फटीत वाळू भरून ती दिवसातून दोनदा भिजवा. इन्सुलिन घट्ट झाकणाच्या डबीत घालून आतल्या भांड्यात ठेवा, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत, वारं लागेल तिथे. पाणी उडताना आतली उष्णता ओढून नेतं. कोरड्या हवेत हे छान चालतं, दमट हवेत फार नाही. आत एक साधा तापमापक ठेवा म्हणजे अंदाज बांधत बसावं लागत नाही. बर्फाला इन्सुलिन टेकवू नका. एकदा गोठलं की वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी ते फेकायचंच. पाण्यासारखं नितळ इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधाळ इन्सुलिन तळहातांत घोळवूनही गुठळ्या राहिल्या, काचेला पांढरा थर चिकटला, तर तेही फेका. काही वेळा खराबी दिसत नाही. खाणं, डोस तेच असून दोन-तीन दिवस शुगर विनाकारण वर राहिली तर नवी बाटली फोडून बघा.

अर्ध्या डोसचा मार्ग सोडा. टाइप १ असेल तर इन्सुलिन तुटल्यावर काही तासांत ते एखाद्या दिवसात जिवावर बेतू शकतं. बहुतेक मोठ्या माणसांना असतो त्या टाइप २ मध्ये उशिरा कळतं, एवढंच. त्यापेक्षा हिशोब करा. १० मिलिलिटरच्या बाटलीवर '४० युनिट' लिहिलं असेल तर तिच्यात ४०० युनिट असतात. रोज ३० लागत असतील तर ती १३ दिवस जाते. एक न उघडलेली बाटली घरात कायम राखीव ठेवा आणि तिला हात लावायची वेळ आली त्याच दिवशी पुढची मागवा. गावातून त्या बाजूला रोज कोण जातं, एसटीचा चालक, दूधवाला, शिक्षक, कुणीतरी असतंच. बाटली '१००' ची मिळाली तर सिरिंजही १०० चीच घ्या. ४० च्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन घेतलं तर डोस अडीच पट जातो. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल असतं, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. आणि परवडत नाही म्हणून अर्धं घेत असाल तर तेच शब्द डॉक्टरांसमोर उच्चारा. कमी खर्चाचं ह्युमन इन्सुलिन असतं, पण त्याचा डोस आणि जेवणाची वेळ नव्याने बसवावी लागते.

प्रश्न : वय ४८. वर्षभर पत्नीजवळ जाता येत नाही. तिला वाटतं माझं मन दुसरीकडे आहे. गावात डॉक्टर ओळखीचे, विचारू कसं?

उत्तर : मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दुबळ्या होतात, म्हणून पुरुषांत ही तक्रार अगदी नेहमीची आहे. पत्नीला हे वाक्य वाचून दाखवा. ओळखीचे डॉक्टर नको असतील तर तालुक्याला डोळे किंवा पाय दाखवायला जाल तेव्हा तिथे विचारा, किंवा चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवा. उपचार आहेत. दुकानातून आपल्या मनाने गोळी आणू नका. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक उतरतो. ही तक्रार हृदयाच्या रक्तवाहिन्यांची आगाऊ सूचनाही असू शकते, म्हणून हृदयाची तपासणीही करून घ्या.

प्रश्न : मी आरोग्यसेविका आहे. गावातल्या मधुमेहींचा गट सुरू करायचाय. मागच्या वेळी दोन बैठकांत बंद पडला.

उत्तर : का बंद पडला ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा गटांना बुडवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात. पहिली, सगळ्यांसमोर शुगर मोजणं आणि आकडा वाचून दाखवणं. ज्याची ३०० येते तो पुढच्या वेळी येत नाही, आणि खरी गरज त्यालाच असते. मोजायचं तर वेगळ्या खोलीत, आकडा फक्त त्याच्या वहीत. दुसरी, गट म्हणजे भाषण. तासभर पथ्य ऐकायला कोण येणार? ते त्यांना पाठ आहे. तिसरी, कुणीतरी चूर्ण किंवा काढा विकायला लागतं आणि 'इन्सुलिन सोडलं, बरा झालो' म्हणतं. पहिल्याच दिवशी सांगा की इथे काही विकायचं नाही आणि औषध बंद करायचा सल्ला द्यायचा नाही.

माणसं सहा ते दहा. बायका-पुरुषांचे गट निराळे ठेवले तर बोलणं मोकळं होतं. वेळ तासाभराची, शेतीच्या हंगामाप्रमाणे बदलती. जागा अशी की आत जाणाऱ्याकडे बघून 'हा शुगरवाला' असं कुणी म्हणणार नाही, म्हणजे दवाखान्याचा ओटा नको. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही हे दर वेळी म्हणून घ्या. नातेवाईक एकाच गटात असतील तर आधी दोघांना वेगवेगळं विचारा.

सुरुवातीला एकच प्रश्न फिरवा : 'या महिन्यात मधुमेहातलं सगळ्यांत अवघड काय गेलं?' प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, मधे कुणी सल्ला द्यायचा नाही. मग त्यातली एक अडचण निवडा आणि दुसऱ्या कुणी ती कशी सोडवली ते विचारा. रात्री लो होते, मीटरच्या पट्ट्या संपतात, सून ऐकून घेत नाही, असं काहीही. शेवटी प्रत्येकाने एक छोटं काम ठरवायचं, 'व्यायाम करीन' असं मोघम नको. 'सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी विहिरीपर्यंत जाऊन येईन' असं हवं. पुढच्या वेळी ते झालं का विचारा आणि झालं नसेल तर काम निम्मं करा.

सलग दोनदा कुणी आलं नाही तर त्यांच्या घरी जा. मीटर पिशवीतच ठेवा आणि शुगरचा विषय त्यांनी काढेपर्यंत थांबा.